डब्यातली कोरडी फुलकोबी : प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आधी प्रकल्पाची व्याख्या लिहून ठेवतो. नाहीतर आमच्या घरी "छान झाली भाजी" इथेच विषय संपतो.

पदार्थ: फुलकोबीची कोरडी भाजी, पोळीसोबत खायची. कांदा नाही, टमाटर नाही, रस्सा तर नाहीच. सकाळी सव्वासातला बायकोच्या डब्यात भरायची आणि दुपारी एकला स्टाफरूममध्ये झाकण निघेल तेव्हा तळाशी पिवळं पाणी नको, तुऱ्याचा लगदा नको, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेलीला कळेल असा वास नको. चव या तिन्हीनंतर. चव जमवणं सोपं आहे, हे पाणीच जड जातं.

सामान: आईची लोखंडी कढई, तळाशी सपाट तवा, सराटा, स्वयंपाकघरातला वजनकाटा. वेळ वीस-पंचवीस मिनिटं. दुसऱ्या शेगडीवर पोळ्या चालू असतात, ती मला मिळणार नाही.

एक डबा शाळेत जाईल आणि तसाच दुसरा घरी ओट्यावर बंद करून राहील. एक वाजता तो मी उघडणार, तिरका करणार आणि जे निथळेल ते मोजणार. बायकोला हे सांगितलं. तिने "बरं" म्हटलं, त्या एका शब्दात सगळं आलं.

४ डिसेंबर, बुधवार

नागपुरातल्या सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. फुलकोबीचा हंगाम आता कुठे रंगात आलाय. ऑक्टोबरातला गड्डा आणि डिसेंबरातला गड्डा यांत फरक असतो, आणि तो थंडीमुळे. आपण खातो तो पांढरा भाग म्हणजे उमलायचं राहून गेलेला फुलोरा, हजारो कोवळे कोंब दाटीवाटीने बसलेले. थंडी मिळाली की ते घट्ट राहतात. ऊब लागली की गड्डा सैल पडतो, वरून तांदळाच्या कणीसारखा रवाळ दिसतो, कधी केसाळ होतो, मधून बारीक पानं डोकावतात. स्नोबॉल गटातल्या जातींना तर चांगलीच थंडी लागते, म्हणून त्या उशिरा येतात. पुसा दीपालीसारख्या लवकरच्या जाती त्यांच्या आधी बाजारात येऊन जातात.

पिवळसर गड्डा म्हणजे शिळा, असं आई म्हणते. नेहमीच तसं नसतं. गड्ड्यावर ऊन पडलं तरी तो पिवळा पडतो, म्हणून शेतकरी बाहेरची पानं वर ओढून बांधतात. त्यामुळे मी रंगाआधी पान पाहतो. पान मोडलं की कट्कन आवाज आला पाहिजे. लुळं पान वाकतं पण मोडत नाही, तो गड्डा दोन-तीन दिवस फिरलेला असतो. भाजीवाल्या भाऊने सवयीने कोयता उचलला, पानं छाटायला. म्हटलं राहू द्या.

"पानाचे पैसे लागतील न भाऊ, वजनात येते ते."

लागू दे. पानं छाटलेला गड्डा घेणं म्हणजे जन्मतारखेशिवाय पत्रिका पाहणं.

दोन गड्डे घेतले. एकाच आकारातले, त्यातला हाताला जड लागला तो पहिला.

५ डिसेंबर

आईच्या पद्धतीची नोंद. तुलनेला काहीतरी पाहिजे, आणि ही भाजी मी लहानपणापासून खातोय.

कढईत फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली हिरवी मिरची आणि लसूण, हळद. त्यावर धुतलेले तुरे, लगेच मीठ, दोनदा परतणं, वर ताट, ताटात पाणी. दहा मिनिटांनी उघडून तिखट, धण्याची पूड, परत झाकण. शेवटी सांबार, म्हणजे कोथिंबीर.

गरमागरम ताटात वाढली तेव्हा भाजी उत्तम होती. मऊ, मसाला आतपर्यंत गेलेला, वरणभाताशी तर फारच जमली. ओट्यावरचा डबा मात्र एक वाजता उघडला तेव्हा तळाशी जवळजवळ दोन चमचे पिवळं पाणी निघालं आणि खालच्या तुऱ्यांची टोकं गळून त्यात पडली होती.

ही पद्धत ताटासाठी आहे, आणि ताटासाठी तीच बरोबर. ताटात पाणी ठेवल्याने झाकण थंड राहतं, वाफ त्याला लागून परत थेंबाने भाजीत पडते. भाजी करपत नाही आणि वरून पाणी घालावं लागत नाही. कोरडेपणा मात्र नेमका तिथेच जातो.

आई: "अरे, फुलकोबीले काऊन एवढं मोजून राहिला तू?"

७ डिसेंबर, शनिवार

आज काही शिजवलं नाही, फक्त हिशेब.

फुलकोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असतं. म्हणजे अर्धा किलो तुरे कढईत टाकले की आपण तिच्यात साडेचारशे ग्राम पाणीच टाकत असतो, फक्त ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं. पेशींची भिंत उष्णतेने सैल पडली किंवा मिठाने ते ओढलं की ते बाहेर येतं. आता ते कढईत बाहेर येणार, की डब्यात, एवढंच आपल्या हातात आहे.

कढईतच बाहेर काढायचं तर त्याची वाफ व्हावी लागते, आणि वाफ महाग पडते. एक ग्राम पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. तोपर्यंत भाजीचं तापमान शंभराच्या वर सरकत नाही. (नागपूर समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९९ अंशांच्या आसपासच उकळतं. भाजीला याचं सोयरसुतक नाही, मला आहे.) तुऱ्यांवर जे खमंग तपकिरी डाग हवे असतात ते साधारण १४० अंशांच्या वर पडायला लागतात. म्हणजे तुऱ्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो शिजतो, भाजला जात नाही. फोडणी कितीही फर्मास असली तरी.

यातून चार गोष्टी तपासायच्या निघतात: धुतल्यावर किती पाणी चिकटून येतं, कापायचं कसं, मीठ केव्हा, आणि झाकण.

९ डिसेंबर

धुणं. फुलकोबी न भिजवता घेणारा माणूस धाडसी म्हणावा लागेल. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची हिरवी अळी आणि मावा, दोन्ही तुऱ्यांच्या फटीत बसतात. गार पाण्याच्या धारेखाली त्यातलं निम्मंही निघत नाही. एक लिटर कोमट पाणी, एक मोठा चमचा मीठ, चिमूट हळद, दहा मिनिटं, तुरे देठ वर करून बुडवलेले. अळ्या पृष्ठभागावर येतात. यात एक फायदा असाही की थोडं मीठ तुऱ्यात आधीच शिरतं. तो पुढे उपयोगी पडेल.

आता वजन. ५०० ग्राम तुरे भिजवून, चाळणीत निथळून पुन्हा काट्यावर ठेवले तर ५४० भरले. चाळीस ग्राम पाणी नुसतं फटीत अडकून! डब्यात निघालेल्या दोन चमच्यांच्या कितीतरी पट. सुती धोतराच्या तुकड्यावर पसरून पंख्याखाली तासभर ठेवले, ५०५ वर आले.

सकाळी कोणाला एक तास आहे? म्हणून कापणं, भिजवणं, वाळवणं आदल्या संध्याकाळी. रात्री तेच कापड घातलेल्या उघड्या डब्यात फ्रीजमध्ये. फ्रीजची हवा कोरडी असते, सकाळपर्यंत तुरे हाताला खडखडीत लागतात. आई म्हणते कापून ठेवलेल्या भाजीचं सत्त्व जातं. थोडं जात असेलच. भिजवल्यावर आणि उकळल्यावर जास्त जातं, आणि उकळणं तर आपण टाळतोच आहोत.

१२ डिसेंबर

कापण्यात मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दडलंय.

बोटांनी मोडलेला तुरा सगळीकडून गोल असतो, कढईला एका बिंदूत टेकतो. मोठ्या तुऱ्याचा देठ सुरीने उभा चिरला आणि वरचा भाग हाताने अलगद फाकवला तर एक सपाट बाजू मिळते आणि चुराही कमी पडतो. ती बाजू खाली ठेवली की तेवढ्या सगळ्या पृष्ठभागाला तेल आणि ताप लागतो. तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे बरे. त्याहून बारीक केले की डब्यात भुगा होतो.

मधला जाड दांडा फेकायचा नाही. बाहेरची धाग्यांची साल सोलली की आतला गाभा गोडसर आणि कच्चाही खाण्याजोगा असतो. त्याच्या पातळ चकत्या, पण त्या तुऱ्यांच्या दोन मिनिटं आधी कढईत. चुरा वेगळा काढावा. तो सगळ्यात आधी करपतो आणि कडू होतो. आमच्याकडे तो आईच्या पराठ्यात जातो. कोवळी पानं बारीक चिरून डाळीत.

१७ डिसेंबर, मंगळवार

कालपासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्सकडे बंदोबस्त, रस्ते वळवलेले, त्यामुळे बायको पंधरा मिनिटं आधी निघते. भाजी सातला तयार पाहिजे. तवा वापरून पाहिला. जागा रुंद, सगळे तुरे एका थरात, डाग पटापट पडले. पण परतताना अर्धी भाजी शेगडीवर. कढईच बरी, फक्त अर्धा किलोच्या वर टाकायची नाही.

१८ डिसेंबर

मिठाची चाचणी. एकाच गड्ड्याचे दोन भाग, प्रत्येकी ५०० ग्राम, दोन्ही सारखे वाळवलेले. मोठाच गड्डा होता, बाजारात त्याच्याकडे पाहून लोक वळत होते.

पहिल्या भागाला तुरे पडताच मीठ आणि झाकण. दुसऱ्याला आधी मोठ्या आचेवर, उघडी, बिनमिठाची सहा-सात मिनिटं. मधे फक्त दोनदा परतली. मग मीठ, आच मंद, तीन मिनिटं झाकण, परत उघडी दोन मिनिटं.

तयार भाजीचं वजन तेल-मसाल्यासकट: पहिली ४५५ ग्राम, दुसरी ३८५. सत्तर ग्रामांचा फरक. दोन्ही भाज्या शिजलेल्या होत्या, दोन्ही चवीला मिठाच्या. एक वाजता पहिलीच्या डब्यात पाणी, दुसरीच्या डब्यात तळाला तेलाचा ओशट थर, बस.

मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, हे कोशिंबिरीसाठी काकडी चोचवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. सुरुवातीलाच ओढलं तर तुरे स्वतःच्याच पाण्यात उकळतात. डाग पडून गेल्यावर ओढलं तर कढई तापलेली असते आणि ते पाणी तिथल्या तिथे उडतं. मीठ उशिरा घातल्याने आतून अळणी लागेल अशी भीती होती, पण आदल्या संध्याकाळचं मिठाचं पाणी इथे कामाला आलं.

झाकण पूर्ण वगळून पाहिलं तर देठ कचकचीत राहतो. म्हणून तीन मिनिटं झाकण हवंच. ते काढताना सरळ वर उचलायचं नाही. कढईच्या बाहेर नेऊन मग तिरकं करायचं, झाकणाला लटकलेले थेंब ओट्यावर पडू द्यायचे. ओटा पुसता येतो.

२१ डिसेंबर

मसाला. इथे मी फार खोलात जाणार नाही, ज्याच्या त्याच्या घरी वेगळा. माझे आग्रह एवढेच:

हळद तेलात. तिचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नीट विरघळत नाही. तुऱ्यांवर कोरडी भुरभुरली तर ठिपके दिसतात. पण तापलेल्या तेलात हळद आणि तिखट दोन्ही टाकून मोठ्या आचेवर सहा मिनिटं थांबलो तर तिखट काळं होणार, म्हणून तिखट मिठाबरोबर. भिवापुरी मिरचीचं घरचं तिखट आहे, अर्धा चमचा पुरतं. लसूण ठेचलेली, तीही मागाहून, कढईच्या मधोमध जागा करून. हिंग सढळ हाताने.

वरून एक चमचा जवसाची चटणी. हा शोध मला आवडला आहे. भाजलेला जवस राहिलेला ओलावा धरून ठेवतो आणि चव आपल्या मातीतली येते.

शेजारच्या काकूंनी बेसन पेरायला सांगितलं. पेरलं. पाण्याचा प्रश्न मिटला, यात शंका नाही, डबा ठणठणीत कोरडा. पण मग ती फुलकोबीची भाजी राहिली नाही, झुणक्याच्या घरात गेली. काकूंना "छान झाली" सांगितलं, ते खोटंही नव्हतं. प्रकल्पात मात्र धरत नाही.

लिंबू पिळायचं असेल तर भाजी कढईतून काढल्यावर. लोखंडात आंबट गेलं की रंग काळपट आणि चव लोखंडी. तसंही भाजी झाल्यावर कढईत ठेवू नये, आंबट नसलं तरी.

२५ डिसेंबर

सुटी. आईशी गप्पा. आमच्या घरी कुळाचाराच्या नैवेद्याला फुलकोबी कधीच नसते. भेंडी, भोपळा, गवार, आळू चालतं. मी कारण विचारलं तर "नाही करत बा", एवढंच. कारण वयाचं असावं असा माझा अंदाज. ही भाजी आपल्याकडे १८२२ मध्ये आली, इंग्लंडहून बियाणं आणून सहारनपूरच्या कंपनी बागेत लावली तेव्हा. पुढे इथल्या उकाड्याला टिकणाऱ्या जाती निवडत निवडत आजची देशी फुलकोबी झाली. दोनशे वर्षं म्हणजे नैवेद्याच्या हिशेबात नवखीच. आईला हे सांगितलं. तिचं म्हणणं, मग आलू-मिरची तरी कुठे इथली होती? मिरची नैवेद्यात चालते, तेव्हा माझा अंदाज तिथेच पांगळा झाला.

२९ डिसेंबर

डबा भरणं. भाजी कोरडी झाली तरी खेळ इथे हरता येतो. गरम भाजी स्टीलच्या डब्यात कोंबून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंब परत भाजीवर. आईचं पाण्याचं ताट तेच करत होतं, फरक इतकाच की हे आपल्याला दिसत नाही. डिसेंबरातल्या गार सकाळी तर झाकण आणखी लवकर थंड पडतं.

म्हणून भाजी आधी परातीत पसरायची. सात-आठ मिनिटांत हाताला कोमट लागते, तेवढ्यात पोळ्यांना तूप लावून होतं. मग डब्यात, सैल, दाबून नाही. तूप लावलेल्या गरम पोळ्या वेगळ्या खणात. त्याच खणात ठेवल्या तर आपण सगळं वाळवून शेवटी पोळ्यांची वाफ भाजीला दिली.

वासाचं गणितही बहुतेक इथेच सुटलं. फुलकोबीत गंधकाची संयुगं असतात, जितका वेळ पाण्यात उकळेल तितकी ती फुटून तो ओळखीचा वास सुटतो. मोठ्या आचेवर कमी वेळ शिजवलेल्या भाजीत तो कमी. आणि परातीत पसरल्यावर जो काही असतो त्यातला बराचसा स्वयंपाकघरातच उडून जातो. स्टाफरूममधून तक्रार नाही. उलट कुणीतरी जवसाची चटणी विचारली आहे.

३ जानेवारी २०२५

फ्रिजवर चिकटवलेला कागद, जसाच्या तसा:

आदल्या संध्याकाळी अर्धा किलो तुरे सपाट बाजूने कापून, मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं, कापडावर पंख्याखाली, रात्री फ्रीजमध्ये उघडे. सकाळी लोखंडी कढई चांगली तापवून दोन मोठे चमचे फल्लीचं तेल, मोहरी, जिरं, हिंग, पाव चमचा हळद. दांड्याच्या चकत्या दोन मिनिटं. तुरे सपाट बाजू खाली, मोठी आच, तीन मिनिटं हात लावायचा नाही (हे सगळ्यात कठीण). परतून आणखी तीन-चार मिनिटं. मधे जागा करून लसूण आणि हिरवी मिरची. पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, एक चमचा धण्याची पूड. मंद आच, झाकण तीन मिनिटं. झाकण बाहेर उलटून दोन मिनिटं उघडी. जवसाची चटणी, सांबार. लगेच परातीत.

सांबार धुतला असेल तर तोही कोरडा करून. जुडी ओली चिरली की चमचाभर पाणी पुन्हा आत.

१८ जानेवारी, शनिवार

बायकोकडे संक्रांतीचं हळदीकुंकू, पंधरा-वीस जणी. "तुझी ती डब्यातली भाजी करशील का?" दोन किलो तुरे.

कढईत दोन किलो म्हणजे एकावर एक थर. खालचे वाफ सोडणार, वरचे तीच वाफ घेणार, मीठ उशिरा घालूनही काही फायदा नाही. अर्धा अर्धा किलोचे घाणे काढायचे तर शेगडी तासभर अडणार, आणि आईला तिथे मसालेभात करायचा आहे.

म्हणून ओव्हन. २२० अंशांवर तापवलेला, तुरे तेल-हळद चोळून ट्रेमध्ये एका थरात, मधे मधे जागा सोडून. एका वेळी किलोभर मावले. साधारण पंचवीस मिनिटं, अर्ध्यात एकदा उलटवले. मीठ आणि तिखट बाहेर काढल्यावर. फोडणी वेगळी कढल्यात, लसूण लाल होईस्तोवर, आणि वरून ओतली. ओव्हनचं दार मधे दोनदा किंचित उघडून वाफ जाऊ दिली. कढईतल्यापेक्षा डाग सगळीकडून सारखे पडले, देठाला मात्र तो मऊपणा नाही आला. तीन मिनिटांच्या झाकणाची जागा ओव्हनमध्ये कशाने भरायची ते पुढच्या वेळी पाहू. पहिली पंधरा मिनिटं ट्रेवर फॉइल घालून, मग काढून, असा विचार आहे. फुलकोबी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चांगली मिळेल, तोवर करून घ्यायला हवं.

आईने दोन्ही प्रकार खाऊन कढईतली पसंत केली. मीही.